नेमबाजीचें खरें माप

वसईचा किल्ला पाहावयास जाणाऱ्या मंडळींना चिमाजीअप्पांची एक आख्यायिका हमखास ऐकावयास मिळते. १७३९ च्या वेढ्यांत किल्ला लवकर हातीं येईना, तेव्हां आपणांस तोफेच्या तोंडीं बांधावें व निदान आपलें मस्तक तरी किल्ल्यांत जाऊन पडूं द्यावें, असें अप्पांनीं सरदारांना सांगितलें म्हणतात. आख्यायिका शौर्याची आहे, आणि ती ऐकून कोणाहि मराठी माणसाचा ऊर भरून यावा, हें साहजिक आहे. परंतु किल्ला पडला तो तोफेच्या अचूक नेमानें नव्हे. दिवसेंदिवस पुढें सरकत नेलेले मोर्चे, तटाखालीं पुरलेले सुरुंग, आणि त्या सुरुंगांनीं पाडलेल्या खिंडारांतून प्राणांची पर्वा न करितां चढलेलीं माणसें, ह्यांनीं त्या वर्षीं मे महिन्यांत पोर्तुगीजांना शरण आणलें.

ह्याच किल्ल्याला १७८० मध्यें दुसरा वेढा पडला. इंग्रज सेनापति गॉडर्ड ह्यानें २८ नोव्हेंबर रोजीं ९०० यार्डांवरून सहा तोफा व सहा उखळी तोफा सुरू केल्या. त्या माऱ्याच्या आश्रयानें तो पुढें सरकला, आणि ९ डिसेंबर रोजीं ५०० यार्डांवरून चोवीस पौंडी गोळ्यांच्या नऊ तोफा तटावर डागूं लागला. ११ डिसेंबरला किल्ला त्याच्या हातीं आला. ह्या गोलंदाजांना नऊशें यार्डांवरून तट दिसत नव्हता असें नव्हे. दिसणें आणि लागणें ह्या दोन गोष्टींमधलें अंतर त्यांना ठाऊक होतें. म्हणून दूरच्या नेमाचा अभिमान न धरितां त्यांनीं तोफाच जवळ नेल्या. नेमबाजीविषयींचा पहिला धडा हाच आहे, आणि तो चित्रपटांनीं व कादंबऱ्यांनीं आज जवळजवळ पुसून टाकला आहे.

चित्रपटांतला निवडक पलटणीचा जवान धांवतां धांवतां गोळी झाडतो आणि ती शत्रूच्या हातांतलें पिस्तूल तेवढें उडविते. तो एक मैलावरून खिडकींतला मनुष्य पहिल्याच गोळींत टिपतो. असें वारंवार पाहिलें म्हणजे सुशिक्षित माणसासहि वाटूं लागतें, कीं उत्तम शिक्षण मिळालेला सैनिक कधीं चुकतच नसावा, आणि चुकला तर तो हयगयीनेंच चुकला असावा. ही समजूत निरुपद्रवी नाहीं. सैन्याकडून वा पोलिसांकडून काय मागावें, आणि त्यांना दोष कशाबद्दल द्यावा, हें नागरिक ह्याच समजुतीवर ठरवीत असतात. म्हणून निवडक दळांतल्या माणसाचा नेम प्रत्यक्षांत किती अचूक असतो, हें आंकड्यांनीं समजून घेणें अगत्याचें आहे.

वसईच्या दोन्ही वेढ्यांच्या काळीं शिपायाच्या हातीं गुळगुळीत नळीची बंदूक असे. गोळी नळीहून किंचित् लहान ठेवावी लागे, नाहीं तर दारूच्या काजळीनें तोंड भरलेल्या नळींत ती उतरत नसे. परिणामीं बार उडतांना गोळी नळींत ह्या कडेवरून त्या कडेवर आपटत जाई, आणि शेवटीं ज्या कडेला लागे तिच्या उलट बाजूस भरकटे. प्रशियाच्या सैन्यांत अशा बंदुकांची एक परीक्षा घेण्यांत आली. शंभर फूट लांब आणि सहा फूट उंच असा पडदा उभारला, म्हणजे शत्रूची एक अखंड रांगच जणूं उभी केली. ७५ यार्डांवरून शेंकडा ६० गोळ्या त्या पडद्यास लागल्या, १५० यार्डांवरून ४०, आणि २२५ यार्डांवरून अवघ्या २५. पडदा एका माणसाचा नव्हता, अनेकांच्या रांगेचा होता, आणि तो उलट गोळी झाडीत नव्हता, हें लक्षांत घेतलें म्हणजे एकेका माणसावर नेम धरण्याऐवजीं सबंध पलटणीनें एकदम बार कां काढावयाचे, हें कळून येतें.

नळीला आंतून पिळाच्या खांचा पाडून गोळीला भोंवऱ्यासारखी गति देण्याची युक्ति सैन्यांत सार्वत्रिक झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर. भोंवरा जसा फिरत असतांना सरळ उभा राहतो, तशी फिरणारी गोळी आपलें तोंड पुढेंच ठेविते. तेव्हांपासून बंदुकीची अचूकता मोजण्यासारखी झाली, आणि मोजण्याचें मापहि ठरलें.

तें माप मराठी घरांना अपरिचित नाहीं. पंचांगांत अंश आणि कला हे शब्द येतात. वर्तुळाचे ३६० अंश, आणि एका अंशाच्या ६० कला. बंदुकीच्या गोळ्या किती पसरतात, हें जगभर ह्या कलेच्या मापानेंच सांगतात. एका कलेचा कोन १०० मीटरवर २.९ सेंटीमीटर रुंदी व्यापतो, ३०० मीटरवर ८.७ सेंटीमीटर, आणि ६०० मीटरवर सुमारें साडेसतरा सेंटीमीटर. कोन तोच, परंतु अंतर वाढलें कीं रुंदी वाढते. म्हणून "अमक्याचा नेम एक इंचाचा आहे" ह्या वाक्याला, किती अंतरावर, हें सांगितल्यावांचून कांहींच अर्थ नाहीं.

मनुष्याच्या हातून साधणारी अचूकता कोठवर जाऊं शकते, तें खेळांत दिसतें. कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे ह्यांनीं १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस ऑलिंपिकमध्यें ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें. प्राथमिक फेरींत त्यांनीं ६० गोळ्यांत ६०० पैकीं ५९० गुण केले होते. त्या स्पर्धेंत दहा गुणांचें वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचें असतें, म्हणजे पाऊण कलेहूनहि लहान. गोळीची कड वर्तुळास शिवली तरी गुण मिळतो हें खरें, तथापि गुडघ्यावर बसून, पालथें पडून, आणि उभ्यानें असें हें साधणें म्हणजे अनेक वर्षांची तपश्चर्याच होय. मात्र तेथें अंतर ठरलेलें असतें, निशाण हलत नाहीं, वाऱ्यासाठीं लहान निशाणें लावलेलीं असतात, अंगांत ताठ कापडाचा विशेष पोशाख असतो, आणि श्वास स्थिर होईपर्यंत थांबण्याची मुभा असते. सैनिकाला ह्यांपैकीं एकहि गोष्ट हमखास मिळत नाहीं.

म्हणून सैन्याची कसोटी वेगळी असते. अमेरिकन सैन्याची रायफलीची परीक्षा सर्वांस माहीत असलेली आहे. ५० ते ३०० मीटरच्या दरम्यान माणसाच्या आकाराचीं ४० निशाणें एकामागून एक वर येतात व थोड्याच सेकंदांत पुन्हां पडतात. त्यांतलीं २३ लागलीं तर शिपाई उत्तीर्ण. ३६ लागलीं तर तो सर्वोच्च श्रेणीचा. म्हणजे जगांतील एका अत्यंत सुसज्ज सैन्यानेंहि आपल्या साध्या शिपायाला चाळिसांतले सतरा नेम चुकण्याची मोकळीक दिलेली आहे, आणि पहिल्या श्रेणीच्या नेमबाजालाहि चार. ही ढिलाई नव्हे. अनोळखी अंतर, थोडा वेळ, आणि बदलती स्थिति ह्यांत माणसाकडून काय होऊं शकतें, ह्याचा तो प्रामाणिक हिशेब आहे.

निवडक दळांचें माप अर्थात् ह्याहून कडक असतें. चार्ल्स बेकविथ ह्या अधिकाऱ्यानें १९७७ मध्यें उभारलेल्या अमेरिकेच्या डेल्टा दळांत दूरवरून टिपणाऱ्या स्नायपरकडून ६०० यार्डांवर शंभर टक्के आणि १००० यार्डांवर नव्वद टक्के नेम मागत, असें सांगितलें जातें. आंकडे ऐकून छाती दडपते. परंतु ते कलेच्या मापानें तपासून पाहावे. निशाण माणसाच्या छातीएवढें, म्हणजे सुमारें ४५ सेंटीमीटर रुंद, धरलें तर ६०० यार्डांवर तें जवळजवळ तीन कलांचें होतें, आणि १००० यार्डांवर पावणेदोन कलांचें. जगांतल्या मोजक्या माणसांकडून मागितलेली ही कसोटी माशीच्या डोळ्याची नाहीं, माणसाच्या छातीची आहे. आणि हजार यार्डांवर तेथेंहि दहांतली एक गोळी चुकेल, हें आरंभींच गृहीत धरलेलें आहे.

आतां प्रश्न असा, कीं रायफल जर एका कलेची अचूकता देऊं शकते, तर माणसाकडून तीन कलांचीच अपेक्षा कां? ह्याचें उत्तर चुकांच्या बेरजेंत आहे. गोळी भरकटण्याचीं कारणें अनेक असतात. रायफलीचा स्वतःचा पसारा, काडतुसांतील दारूचा सूक्ष्म फरक, नेम धरणाऱ्याचा हात, अंतराचा अंदाज, आणि वारा. साध्या सैनिकी रायफलीचा पसारा सामान्यतः तीन ते पांच कलांचा असतो. भारतीय सेनेनें अनेक वर्षें वापरलेल्या द्रागुनॉव्ह रायफलीचा चांगल्या काडतुसांनिशीं सुमारें दोन कलांचा, आणि खास स्नायपरसाठीं घडविलेल्या रायफलींचा एका कलेच्या आसपास. चार कलांचा पसारा ३०० मीटरवर ३५ सेंटीमीटर होतो. छाती ४५ सेंटीमीटरची. माणसाच्या चुकीसाठीं उरली ती जागा किती थोडी, हें उघड आहे.

परस्परांशीं संबंध नसलेल्या चुकांची बेरीज सरळ होत नाहीं, ती शाळेंत शिकविलेल्या काटकोन त्रिकोणाच्या नियमानें होते. रायफलीची चूक तीन कलांची आणि माणसाची चार कलांची असेल, तर एकूण चूक सात कलांची न होतां पांच कलांची होते. आतां ह्या शिपायाला मोठ्या किमतीची एक कलेची रायफल दिली असें समजा. एकूण चूक पांचांवरून चारांच्या किंचित् वर येऊन थांबते. उलट जुनीच रायफल त्याच्या हातीं ठेवून सरावानें त्याची स्वतःची चूक चारांवरून दोनांवर आणली, तर एकूण चूक साडेतीनाच्या जवळपास उतरते. निवडक दळें नवीन शस्त्रें जरूर घेतात, परंतु त्यांचीं माणसें रोज चांदमारीच्या मैदानावर हजारों काडतुसें कां खर्चितात, ह्याचें कारण ह्या साध्या त्रिकोणांत आहे.

वारा हा मात्र त्रिकोणाला जुमानीत नाहीं. वसई, अर्नाळा, नायगांव ह्या किनाऱ्यावरच्या गांवांना दुपारचें समुद्रावरून येणारें वारें चांगलें परिचयाचें आहे. ताशीं सोळा किलोमीटरचा असा आडवा वारा वाहत असेल, तर स्नायपरची ७.६२ मिलिमीटरची गोळी ३०० मीटरवर सुमारें वीस सेंटीमीटर बाजूला जाते. ६०० मीटरवर तीच ऐंशी-नव्वद सेंटीमीटर बाजूला पडते. अंतर दुप्पट झालें, परंतु विचलन चौपटीहून अधिक झालें, कारण गोळी मंदावत जाते आणि वाऱ्याला तिला ढकलावयास अधिक वेळ मिळतो. नेमबाजाजवळचा वारा एक, वाटेंतला दुसरा, आणि निशाणाजवळचा तिसरा असूं शकतो. म्हणून उत्तम स्नायपरहि बहुधा एकटा नसतो. त्याच्या शेजारीं दुर्बीण घेतलेला जोडीदार असतो, आणि त्याचें अर्धें काम गवताचें पातें कोणीकडे झुकतें, तापलेली हवा कशी लहरते, हें पाहण्याचें असतें.

फुशारकीच्या आंकड्यांचा आणखी एक उगम आहे. कोणी नेमबाज तीन गोळ्यांचा कागद दाखवितो, तीनहि छिद्रें एका रुपयाखालीं झांकतील अशीं असतात, आणि तो म्हणतो, हा माझा नेम. तीन गोळ्या जवळ पडणें हें थोडें कौशल्यानें व थोडें योगायोगानें होतें. त्याच माणसानें त्याच रायफलीनें दहा गोळ्या झाडल्या, तर सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधलें अंतर सरासरीनें तीन गोळ्यांच्या मानानें दीडपटीहून अधिक होतें. त्यांत त्यानें दहा कागदांतला उत्तम तेवढाच जपून ठेविला असेल, तर मग बोलावयासच नको. म्हणून जाणते शिक्षक उत्तम कागद पाहत नाहींत. ते पहिली गोळी पाहतात. थंड नळींतून, विश्रांतीवांचून, चढ चढून आल्यावर झाडलेली पहिली गोळी कोठें लागली, हाच खरा प्रश्न, कारण प्रत्यक्ष प्रसंगीं दुसरी झाडण्याची संधि मिळेलच असें नाहीं.

आणि प्रत्यक्ष प्रसंग हा मैदानाहून किती वेगळा असतो, ह्याचें एक उदाहरण महाराष्ट्राच्या अभिमानाचें आहे. रायगड जिल्ह्यांतील माणगांव भागचे नाईक यशवंत घाडगे हे तिसऱ्या मराठा पलटणीबरोबर इटलींत लढत होते. १० जुलै १९४४ रोजीं त्यांच्या तुकडीवर अगदीं जवळून मशीनगनचा मारा झाला आणि तुकडीचीं बहुतेक माणसें पडलीं. घाडगे एकटेच त्या मशीनगनवर धांवून गेले. हातगोळा टाकून त्यांनीं मशीनगन व ती चालविणारा ह्यांचा निकाल लावला. एकाला गोळीनें टिपलें. नवीन काडतुसें भरण्यास वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांवर तिचेच घाव घातले. नंतर शत्रूच्या स्नायपरच्या गोळीनें ते धारातीर्थीं पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यांत आला. तीच पलटण पुढें हवाई छत्रीधारी झाली, ११ डिसेंबर १९७१ रोजीं टांगाईल येथें आकाशांतून उतरली, आणि आज विशेष दळांत गणली जाते.

ह्या एका घटनेंत नेमबाजीचीं दोन्ही टोंकें आहेत. दूर दडलेला स्नायपर एक गोळी शांतपणें झाडतो, आणि घाडग्यांसारखा वीर चार पावलांवर, श्वास फुललेला असतां, हातीं लागेल त्या साधनानें लढतो. दुसऱ्या टोंकाला कलेचें माप उपयोगी पडत नाहीं. तेथें छाती धडधडते, बोटें जड होतात, नजर एका ठिकाणीं खिळते. न्यूयॉर्कच्या पोलिसांच्या १९९८ ते २००६ ह्या काळांतील गोळीबाराचा अभ्यास २००८ मध्यें रँड ह्या संस्थेनें प्रसिद्ध केला. समोरून उलट गोळ्या येत असतांना पोलिसांच्या शंभरांतल्या अवघ्या १८ गोळ्या लागल्या होत्या. समोरून गोळी येत नसतांना ३०. तेच पोलिस चांदमारींत उत्तीर्ण झालेले होते. निवडक दळें हीच तफावत कमी करण्यासाठीं धडपडतात. अंधाऱ्या खोल्या, गोंगाट, धूर, पाठीवर ओझें, आणि शत्रूच्या चित्राला चिकटून उभें असलेलें ओलिसाचें चित्र, अशा परिस्थितींत त्यांचा सराव होतो. ओलिसाच्या चित्राला एक गोळी लागली, तर बाकीचा सर्व नेम व्यर्थ ठरतो. तफावत त्यांची कमी होते, परंतु नाहींशी होत नाहीं.

हें सर्व घरबसल्या ऐकणाऱ्यांनीं कां लक्षांत ठेवावें? गोळीबाराची बातमी आली कीं घराघरांत एक प्रश्न हटकून निघतो, "पायावर गोळी कां मारली नाहीं?" प्रश्नामागें दया आहे, आणि ती असावयासच हवी. परंतु मांडी वीतभर रुंद, आणि धांवणाऱ्याची मांडी क्षणोक्षणीं जागा बदलणारी. छाती चुकण्याची शक्यता जेथें शंभरांत सत्तर, तेथें मांडी चुकण्याची किती, ह्याचा हिशेब कोणीहि करावा. शिवाय मांडींतली मोठी रक्तवाहिनी फुटली तर मनुष्य कांहीं मिनिटांत दगावतो. चुकलेली गोळी हवेंत विरत नाहीं. संध्याकाळच्या विरार गाडीसाठीं फलाटावर लोटणारी गर्दी ज्यानें पाहिली आहे, त्याला ती कोठें जाऊन थांबेल हें सांगावयास नको. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं मुंबईच्या मोठ्या स्थानकावर हल्ला झाला, त्यानंतर महाराष्ट्रानें पोलिसांचें खास दळ उभारलें. अशा दळाची खरी परीक्षा भरलेल्या फलाटावरच असते.

ह्यावरून पोलिसांना वा सैनिकांना चुका माफ कराव्या, असा अर्थ कोणी काढूं नये. खरें माप ठाऊक झालें म्हणजे जबाबदारी वाढते, ती कमी होत नाहीं. पन्नास मीटरवर आपली शंभरांतली किती गोळी लागते, हें ज्याला सरावानें माहीत आहे, त्यानें दीडशें मीटरवर गर्दींत गोळी झाडली, तर ती चूक हाताची नसून निर्णयाची ठरते, आणि तिचा जाब विचारलाच पाहिजे. ज्या दळाला पुरेशीं काडतुसें व सरावाचें मैदान मिळालें नाहीं, त्याचा नेम चुकला तर जाब मैदान न देणाऱ्यांनाहि विचारला पाहिजे. अशक्य गोष्ट न केल्याबद्दल मात्र कोणास दोष देणें न्यायाचें नाहीं.

निवडक नेमबाजाची ओळख त्याच्या लहानांत लहान वर्तुळावरून पटत नाहीं. कोणत्या अंतरावर, कोणत्या वाऱ्यांत, आणि कशा श्वासानें आपली पहिली गोळी नक्की लागेल, हें त्याला ठाऊक असतें, आणि त्यापलीकडे तो बोट चापावर ठेवीत नाहीं. जवळ जातां येत असेल तर तो जवळ जातो. वसईच्या तटासमोर तोफा नऊशें यार्डांवरून पांचशेंवर आणणाऱ्या गोलंदाजांना, आणि त्यापूर्वीं तटाच्या पायथ्यापर्यंत मोर्चे नेणाऱ्या मराठी शिपायांना, हें शहाणपण अनुभवानें आलेलें होतें. रायफली बदलल्या, दुर्बिणी बदलल्या, तरी तें शहाणपण बदललेलें नाहीं.